क्लब जिंकावा की देश?

३ मार्च २०२३. बेंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना जादा वेळेत गेला होता. बेंगळुरू एफसीला फ्री किक मिळाली. केरळा ब्लास्टर्सचे खेळाडू अजून भिंत उभारण्याच्या तयारीत होते. तेवढ्यात सुनील छेत्रीने चेंडू जाळ्यात टाकून दिला. पंचांनी गोल दिला आणि ब्लास्टर्सचा संघ प्रशिक्षकाच्या इशाऱ्यावर मैदान सोडून निघून गेला. नऊ दिवसांनी त्याच मैदानावर उपांत्य फेरीत मुंबई सिटी समोर होती. दोन्ही सामने मिळून बरोबरी झाली, टायब्रेकर लांबला आणि बेंगळुरूने तो ९-८ असा जिंकला. मुंबईच्या लालियानझुआला छांगटेच्या पायात चेंडू गेला की यजमान चाहत्यांच्या काळजाचा ठोका चुकत होता. त्या मोसमातला लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

आता त्याच वर्षीची ४ जुलै. मैदान तेच, सॅफ अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना, भारताविरुद्ध कुवेत. कुवेतने आधी गोल केला. पूर्वार्धातच भारताने बरोबरी साधली ती अशी: छेत्रीने चेंडू पुढे सरकवला, ब्लास्टर्सच्या सहल अब्दुल समदने तो गोलसमोर दिला आणि छांगटेने जाळ्यात धाडला. चार महिन्यांपूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेले तीन क्लब एका चालीत जोडले गेले. पुन्हा टायब्रेकर झाला, बेंगळुरूचाच गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने शेवटची किक अडवली आणि भारत ५-४ ने जिंकला.

मार्चमध्ये आणि जुलैमध्ये गॅलरीत बसलेले कितीतरी लोक तेच होते. त्यांच्यापैकी एखाद्याला गाठून विचारले, ‘क्लबचा चषक हवा की देशाचा? एकच मिळेल,’ तर? जगभरचे फुटबॉलवेडे चहाच्या टेबलावर हा प्रश्न एकमेकांना घालत असतात. उत्तर देशभक्तीच्या तराजूत तोलून मोकळे होणे सोपे आहे. पण चाहता असे उत्तर का देतो हे समजून घ्यायचे, तर मैदानाचे अंतर, वेळापत्रक, पैसा आणि इतिहास या चारही गोष्टी पाहाव्या लागतात.

म्हैसूरकराचे तीन संघ

म्हैसूरच्या फुटबॉलप्रेमीपासून सुरुवात करू. म्हैसूर शहराचा स्वतःचा क्लब देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये नाही. जवळचा मोठा क्लब म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटरवरचा बेंगळुरू एफसी. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने पदार्पणाच्याच मोसमात आय-लीग जिंकली. २०१६ मध्ये तो एएफसी चषकाच्या अंतिम फेरीत गेला. तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय क्लब. दोह्यात इराकच्या एअर फोर्स क्लबने त्याला १-० ने हरवले, पण त्या रात्री बेंगळुरूचा पराभव देशभर भारताचा पराभव म्हणूनच पाहिला गेला.

क्लब देशाच्या जागी उभा राहण्याची ही पहिली वेळ नव्हती. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा भारताचा राष्ट्रीय संघ अस्तित्वातच नव्हता. कलकत्त्यातल्या एका क्लबच्या विजयावर सगळ्या देशाने हक्क सांगितला.

म्हैसूरचा अभिमान मात्र क्लबच्याही आधी राज्याच्या संघाशी जोडला गेला. संतोष करंडक ही राज्यांची स्पर्धा म्हैसूरने चार वेळा जिंकली: १९४६-४७, १९५२-५३, १९६७-६८ आणि १९६८-६९. बंगालची मक्तेदारी असलेल्या त्या काळात ही कामगिरी लहान नव्हती. १९७३ मध्ये राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि मग करंडक जणू वाटच विसरला. तो परत आला मार्च २०२३ मध्ये, ५४ वर्षांनी. कर्नाटकाने मेघालयला ३-२ ने हरवले, तेही सौदी अरेबियातल्या रियाधमध्ये.

या मधल्या काळात गुणवत्ता आटली होती असे नाही. ती पहिल्यापासूनच दुसरीकडे वाहत होती. बेंगळुरूचे सारंगपाणी रामन यांनी १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा गोल केला. त्याच संघातले अहमद खान हेही बेंगळुरूचेच. पण त्यांची कीर्ती झाली ती कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडून. तिथल्या पाच आघाडीवीरांना लोक ‘पंचपांडव’ म्हणत, त्यांतले ते एक. मोठा क्लब जिथे असतो तिथे पैसा, नोकरी आणि गर्दी असते. खेळाडू तिकडे जातो आणि गावाकडच्या चाहत्याला तो वर्षातून एकदा राज्याच्या किंवा देशाच्या जर्सीत दिसतो. क्लब आणि देश यांतली ओढाताण आजच्या सुपर लीगने आणलेली नाही. ती स्वातंत्र्याइतकी जुनी आहे.

आजच्या म्हैसूरकराच्या कपाटात म्हणून तीन जर्सी असू शकतात: राज्याची, बेंगळुरूची आणि भारताची. त्यांतल्या शेवटच्या दोन निळ्याच. वर अनेक वर्षे दोन्हींचा कर्णधारही एकच होता: छेत्री. असा योग फार थोड्या चाहत्यांच्या वाट्याला येतो. क्लबच्या विजयात देशाचा विजय दिसावा आणि उलटही व्हावे, अशी ही दुर्मीळ सोय होती.

२१ सप्टेंबर

ती सोयही एका दिवशी मोडली. सप्टेंबर २०२३ मध्ये चीनच्या हांगझोऊत आशियाई क्रीडा स्पर्धा होती आणि नेमकी तेव्हाच सुपर लीग सुरू होत होती. फिफाच्या नियमाप्रमाणे क्लबांनी खेळाडू सोडणे बंधनकारक असते ते ठरवून दिलेल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या दिवसांत आणि खंडाच्या मुख्य स्पर्धेसाठी. आशियाई क्रीडा स्पर्धा त्यात बसत नाही. क्लबांनी नकार दिले, विनवण्या झाल्या, घासाघीस झाली आणि शेवटी कसाबसा एक संघ उभा राहिला. हा संघ पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी हांगझोऊला उतरला आणि यजमान चीनकडून १-५ ने हरला.

बेंगळुरूने छेत्रीला सोडले होते. २१ सप्टेंबरला दुपारी हांगझोऊत भारताने बांगलादेशला १-० ने हरवले; गोल छेत्रीचा, पेनल्टीवर. त्याच रात्री कोचीत बेंगळुरू एफसी केरळा ब्लास्टर्सकडून १-२ ने हरला. मार्चमधल्या त्या फ्री किकनंतर दोन्ही क्लबांत पेटलेले वैर लक्षात घेतले, तर बेंगळुरूच्या चाहत्याला हा सामना किती झोंबला असेल ते कळते. दुपारी ज्याच्या गोलवर त्याने टाळ्या वाजवल्या, त्याच माणसाची उणीव त्याला रात्री भासली.

या प्रश्नाचे खरे रूप हेच आहे. चाहत्याला बसून शांतपणे निवड करायला कोणी सांगत नाही. वेळापत्रक आखणारे लोक ती निवड त्याच्यावर लादतात.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये तेच पुन्हा घडले. मध्य आशियातल्या काफा नेशन्स चषकासाठी मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत, कारण ती स्पर्धा फिफाने राखून ठेवलेल्या दिवसांत पूर्णपणे बसत नव्हती. प्रशिक्षक खालिद जमील यांच्या भारतीय संघाने तरीही ओमानला टायब्रेकरमध्ये हरवून तिसरा क्रमांक मिळवला. महिनाभराने, १४ ऑक्टोबरला, गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ ने हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले.

पैशाची बाजू

क्लबाला दोष देणे सोपे असते. त्याची बाजू बेल्जियममधल्या एका खटल्याने जगासमोर आणली. अब्देलमजीद उलमेर्स हा शार्लरुआ या क्लबचा खेळाडू. नोव्हेंबर २००४ मध्ये मोरोक्कोकडून मैत्रीपूर्ण सामना खेळताना तो जखमी झाला आणि कित्येक महिने मैदानाबाहेर राहिला. पगार क्लब देत होता, खेळाडू वापरला देशाने आणि दुखापतीची किंमतही क्लबनेच मोजली. शार्लरुआ न्यायालयात गेला. युरोपातल्या बड्या क्लबांची ‘जी-१४’ ही संघटना त्याच्या पाठीशी उभी राहिली.

२००८ मध्ये तडजोड झाली. जी-१४ बरखास्त झाली आणि विश्वचषकासाठी खेळाडू देणाऱ्या क्लबांना मोबदला देण्याचे फिफाने मान्य केले. २०१० मध्ये त्यासाठी ४ कोटी डॉलर ठेवले गेले, २०१४ मध्ये ७ कोटी आणि २०१८ मध्ये २०.९ कोटी. खेळाडूंच्या दुखापतीसाठी विम्याची सोयही २०१२ पासून सुरू झाली. श्रीमंत देशांत अशा रीतीने भांडण पैशाने बरेच शमवले गेले. भारतात क्लबही तोट्यात आणि संघटनाही ओढगस्तीत, म्हणून तिथे दरवेळी भांडण नव्याने होते.

गॅलरीतले २,५६९

निवड लादली जाते हे खरे, पण काही वेळा चाहताही निवड करतो. ती पायांनी, म्हणजे मैदानात जाऊन किंवा न जाऊन. याचे महाराष्ट्रातले उदाहरण मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर घडले. १ जून २०१८ रोजी इंटरकॉन्टिनेंटल चषकात भारताने चायनीज तैपेईला ५-० ने धुतले. छेत्रीने हॅटट्रिक केली. प्रेक्षक होते २,५६९.

दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक चित्रफीत प्रसारित केली. युरोपातल्या क्लबांवर प्रेम करणाऱ्यांना त्याने हात जोडून सांगितले की आमचा दर्जा त्यांच्याइतका नाही हे आम्हाला मान्य आहे. टीका करा, नावे ठेवा, पण मैदानात येऊन करा. ४ जूनचा केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. सगळी तिकिटे संपली. धो धो पावसात लोक शेवटपर्यंत बसले आणि भारत ३-० ने जिंकला.

या घटनेकडे बहुतेक जण देशप्रेम जागे झाल्याची गोष्ट म्हणून पाहतात. तिच्या आत दुसरी गोष्ट दडली आहे. १ जूनला मोकळ्या राहिलेल्या खुर्च्या मुंबईतल्या एखाद्या क्लबच्या चाहत्यांनी रिकाम्या ठेवल्या नव्हत्या. मँचेस्टर, बार्सिलोना, माद्रिद यांचे सामने मध्यरात्रीपर्यंत जागून पाहणाऱ्या मुंबईकराला आपल्या देशाचा संघ परका वाटत होता. भारतातल्या शहरी चाहत्यापुढे क्लब आणि देश असा पेच क्वचितच असतो. त्याच्यापुढे असते दूरचे आणि जवळचे यांतले अंतर, आणि दूरचे बहुधा जिंकते.

विश्वचषक आला की देशाची जागाही दूरचाच देश घेतो. २०२२ मध्ये केरळात कोझिकोडजवळच्या पुल्लावूरच्या नदीत मेस्सी आणि नेमारचे भलेमोठे फलक उभे राहिले, त्यांची दखल फिफाने घेतली. विश्वचषकाच्या दिवसांत कोल्हापूरच्या पेठांतही ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, चौकाचौकांत पडदे लावून सामने पाहिले जातात. आपला देश त्या स्पर्धेत नाही, म्हणून कुणाला तरी आपले म्हणायचे एवढाच त्याचा अर्थ नाही. खेळ इतका आवडतो की देशाची वाट पाहायला सवड नाही, असाही तो आहे.

कोल्हापूरची तालीम

कोल्हापूरला वेगळे काढावे लागते, कारण तिथे जवळचे प्रेम दूरच्याला पुरून उरते. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे शहरात देवळांइतकी ओळखीची आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘केएसए’ची, लीग सुरू झाली की शाहू स्टेडियम भरते. कोण कुठल्या बाजूला बसला आहे यावरून त्याची पेठ सांगता येते. तालीम ही मुळात कुस्तीची जागा; तिथेच गणपती बसतो, तिथेच निवडणुकीच्या बैठका होतात आणि तिथलेच पोरगे डावीकडून क्रॉस टाकते. क्लबाचे सभासदत्व इथे जन्माने मिळते.

अशा माणसाला ‘तालीम जिंकावी की देश?’ विचारले तर त्याला प्रश्नच विचित्र वाटेल. देश जिंकला तर चांगलेच. पण शिवाजी पेठ मंगळवार पेठेकडून हरली, तर दुसऱ्या दिवशी कामावर, नाक्यावर, सासुरवाडीत तोंड दाखवायचे असते. देशाच्या पराभवाचा जाब कोणी त्याला विचारत नाही.

मानसशास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिले आहे. १९७६ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांत पाहणी केली. विद्यापीठाचा संघ शनिवारी जिंकला की सोमवारी त्याचे नाव छापलेले कपडे घालणारे विद्यार्थी वाढत. जिंकल्यावर मुले ‘आपण जिंकलो’ म्हणत, हरल्यावर ‘ते हरले’. यश आपले आणि अपयश त्यांचे. देशाच्या बाबतीत ही पळवाट बहुतेकांना मिळते. कोल्हापुरात तालमीच्या बाबतीत ती मिळत नाही; तिथे हरल्यावरही ‘आपणच’ हरलेले असतो. क्लबावरचे खरे प्रेम ओळखायची याहून चांगली खूण नाही.

मात्र या प्रेमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ईर्ष्या हाणामारीवर गेल्याने कोल्हापुरातले सामने थांबवावे लागले आहेत. काही संघांनी जिंकण्यासाठी आफ्रिकेतले खेळाडूही आणले. आणि एवढ्या गर्दीच्या, एवढ्या वेडाच्या शहरातून भारताच्या जर्सीपर्यंत पोहोचलेली मुले फार थोडी. त्यांतले ठळक नाव अनिकेत जाधव. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताच्या आघाडीच्या फळीत होता. पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारी निवासी प्रशिक्षणात. तालमींच्या लीगमधून थेट वर जाणारा जिना त्याला मिळाला नव्हता. तो कुणालाच मिळत नाही.

क्लबावर प्रेम केले की देश आपोआप मोठा होतो, ही समजूत कोल्हापूर खोटी ठरवते. प्रेम भरपूर आहे, जिना नाही.

नेपल्सची रात्र

देशाने हाक मारल्यावर क्लबाच्या चाहत्याने काय करावे, याची सर्वांत अवघड परीक्षा ३ जुलै १९९० रोजी नेपल्समध्ये झाली. विश्वचषकाची उपांत्य फेरी, इटलीविरुद्ध अर्जेंटिना. अर्जेंटिनाचा कर्णधार दिएगो माराडोना हा नापोली क्लबचे दैवत. इटलीच्या श्रीमंत उत्तरेने हिणवलेल्या या दक्षिणी शहराला त्याने १९८७ मध्ये पहिले लीग विजेतेपद मिळवून दिले होते आणि दुसरे तर त्याच वर्षी, विश्वचषकाच्या काही आठवडे आधी. सामन्यापूर्वी त्याने नेपल्सकरांना डिवचले: वर्षभर तुम्हाला परके मानणारा देश आज एका रात्रीपुरते तुम्हाला इटालियन व्हायला सांगतो आहे.

बहुतेक प्रेक्षक इटलीच्याच बाजूने राहिले. पण अर्जेंटिनाच्या राष्ट्रगीताची तिथे हुर्यो उडवली गेली नाही. पाच दिवसांनी रोममधल्या अंतिम सामन्यात ती उडवली गेली. सामना १-१ राहिला, टायब्रेकरमध्ये अर्जेंटिना ४-३ ने जिंकली. नेपल्सने देश सोडला नाही आणि आपल्या माणसाचा अपमानही केला नाही. क्लब आणि देश एका मनात कसे नांदू शकतात, हे त्या शहराने दाखवले. माराडोनाचा टोमणाही विसरण्यासारखा नाही: ज्याला देश एरवी विचारत नाही, त्याच्याकडून देशाने ऐन वेळी निष्ठा मागू नये.

मग निवडावे काय?

भारताच्या संघाचाही हक्काचा पाठीराखा आता आहे. ‘ब्लू पिलग्रिम्स’ हा चाहत्यांचा गट २०१७ मध्ये उभा राहिला. वेगवेगळ्या क्लबांचे लोक तिथे एकत्र येतात. कंठीरवावर बेंगळुरूच्या सामन्याला ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ हे त्या क्लबचे पाठीराखे गर्जना करतात. एकाच माणसाने दोन्हीकडे ओरडायला हरकत कसलीच नाही. जुलै २०२३ मधल्या विजयानंतर भारत जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात होता. सहा महिन्यांनी आशियाई चषकात तो तिन्ही सामने हरला, एकही गोल न करता. देशाच्या संघावर फक्त यशासाठी प्रेम करणाऱ्याला भारतात फार कमी दिवस मिळतात. रोजच्या जगण्यात खेळ टिकवून धरतो तो क्लबच.

म्हणून निवडायचेच झाले, तर क्लब आधी निवडावा. पण तो जिथे तुमचा आवाज पोहोचतो असा क्लब असावा. म्हैसूरकराने बेंगळुरूची गाडी पकडावी, पुणेकराने आपल्या जिल्ह्याच्या लीगचे सामने पाहावेत, कोल्हापूरकराने शाहू स्टेडियमवरची जागा सोडू नये. आणि तिकिटाचे पैसे मोजणाऱ्याने आपल्या क्लबाला दोन प्रश्न जरूर विचारावेत: तुमच्याकडे बारा वर्षांच्या मुलांचा संघ आहे का, आणि त्यांतल्या एखाद्याला देशाने बोलावले तर तुम्ही त्याला सोडाल का? दोन्हींची उत्तरे ‘हो’ असतील, तर तो क्लब जिंकला काय आणि देश जिंकला काय, चाहत्याला त्यात निवड करावी लागणार नाही.